बर्ग्याची बागबाजार-स्वारी

नागपूरच्या महालात, भोसल्यांच्या वाड्याच्या आसपास वाढलेल्या माणसाने बंगालात कसं शिरावं? छाती काढून. मी हावडा स्टेशनात उतरलो तो पाकिटावर रुमाल आणि रुमालावर हात ठेवून. बाकीची रक्कम बनियनला शिवलेल्या चोरखिशात. बायकोचे गुडघे जिने चढायला तयार नव्हते, म्हणून मी एकटा. निघताना बजावून झालं होतं: अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, त्याने दिलेलं खायचं तर मुळीच नाही.

स्टेशनाबाहेर टॅक्सीवाले 'कोथाय जाबेन, दादा?' करत अंगावर आले. कुठे जायचं ते मला पक्कं ठाऊक होतं; पण सांगितलं तर नेतील, या भीतीने मी सरळ नदीकडे सुटलो आणि बागबाजारची लाँच पकडली.

लाँच थेट हावडा पुलाखालून जाते. १९४३ साली वाहतुकीला खुला झालेल्या या पुलात म्हणे एकही नट-बोल्ट नाही, सगळं काम रिव्हेटांचं. हे घरी वाचताना अभिमान वाटला होता. डोक्यावरून बसगाड्या धडधडत असताना मात्र चार-दोन नट-बोल्ट लावले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटून गेलं. शेजारचे गृहस्थ शांतपणे शेंगा सोलत होते. मला त्यांनी मूठभर देऊ केल्या. मी दोन्ही हात खिशात घातले.

बागबाजारात मला मराठा डिच लेन बघायची होती. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा कोलकातेकरांची अशी पाचावर धारण बसली की शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायचा घाट घातला गेला. तीनेक मैल खणून झाला, आणि आपले लोक कोलकात्याला फिरकलेच नाहीत! पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. ज्याच्या गाववाल्यांसाठी एवढी माती उपसली, तो मी आता रस्ता ओलांडायला मिळावा म्हणून एका शाळकरी पोरीच्या आडोशाने उभा होतो. ती गेली, मी राहिलो. मग दुसरी आली, तिच्यामागून निभावलं.

गल्ली साधीच. जुन्या हिरव्या झडपांच्या खिडक्या, ओट्यावर पेपर वाचणारे एक आजोबा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, गाव विचारलं.

"नागपूर."

"बोर्गी!" आजोबा आत वळून ओरडले. घरातून दोन-तीन डोकी बर्गी बघायला बाहेर आली. बर्गी म्हणजे चालून येणारे मराठा स्वार; या नावाने बंगालात पिढ्यान्‌पिढ्या पोरं झोपवली गेली. मला बघून एक पोरगं हसायला लागलं.

आजोबांनी हाताला धरून कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात नेलं. नवीनचंद्र दासांमुळे रसगुल्ल्याच्या इतिहासात बागबाजारचं नाव पक्कं आहे (ओडिशाच्या माणसासमोर हा विषय काढू नये). मी तीन मागितले, मडक्यात चार आले.

"चौथा तुमचा चौथ," आजोबा म्हणाले.

बायकोची दोन्ही कलमं एकदमच मोडली. पाक मनगटापर्यंत ओघळला, तसा माझ्यातला भोसला जागा झाला. म्हटलं, "आजोबा, १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाख ठरले होते."

"ते नवाबाने कबूल केले होते," आजोबा म्हणाले. "मुर्शिदाबादची गाडी सियालदहहून सुटते."