अधिक माहितीसाठी पहा

विश्वकोश उघडून हवी तेवढीच नोंद वाचणं आणि पुस्तक मिटून कामाला लागणं हे निग्रही माणसांचं काम. बाकीच्यांचा घात नोंदीच्या शेवटी ‘पहा :’ करून ठेवलेले दोन-चार शब्द करतात. ऊस पाहायला निघालेला माणूस साखरेवरून काकवीवर, काकवीवरून मद्यावर घसरतो आणि संध्याकाळी घरच्यांनी विचारलं तर एवढंच सांगू शकतो, की तो शेतीचा अभ्यास करत होता.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. आता कल्पना करा, पहिल्याच खंडातल्या एखाद्या नोंदीनं तुम्हाला ‘ह’ अक्षराकडे धाडलं आहे. आज्ञाधारक वाचक असेल तर जवळजवळ चार दशकं थांबणार. मधल्या काळात मुलांची लग्नं होणार, नातवंडं होणार. गंमत सोडली तरी यात एक अवघड गोष्ट दडलेली आहे. अजून न छापलेल्या पानाकडे बोट दाखवायचं, तर त्या पानावर काय असणार हे संपादकाला आधी ठाऊक असावं लागतं. त्याच्या डोक्यात वीसच्या वीस खंड उभे असले, तरच त्या दोन अक्षरी ‘पहा’ला अर्थ.

ही सोय वात्रटपणालाही फार उपयोगी पडते. फ्रान्समध्ये १७५१ पासून दिदरोच्या संपादनाखाली ‘आँसिक्लोपेदी’ निघू लागला. त्याच्या पहिल्याच खंडात नरभक्षकांवर एक नोंद आहे आणि तिच्या शेवटी वाचकाला ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर खाण्याच्या चर्चमधल्या विधीकडे पाठवलं आहे. नोंदीत आक्षेप घ्यावा असा एक शब्द नाही, सगळी खोडी त्या ‘पहा’मध्ये. पुढं १७५९ मध्ये कोशाचा परवाना रद्द झाला. त्याची कारणं पुष्कळ होती, पण असले बाण मारणाऱ्या माणसाला शत्रू कमी पडत नाहीत, हेही खरं.

आमच्या पाणिनीनं तर ‘पहा’ म्हणण्याचीही तसदी घेतली नाही. त्याच्या सुमारे चार हजार सूत्रांत आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत गृहीत धरायचा, याला अनुवृत्ती म्हणतात. मागचं पाठ नसेल तर पुढचं कळत नाही. वाचकावर इतका विश्वास आजकाल बँकाही कर्जदारावर टाकत नाहीत.

विकिपीडियानं खंड शोधायचे, स्टूल ओढायचं, धूळ झटकायची हे सगळे कष्ट संपवले. बोट टेकवलं की पुढचं पान. इंग्रजी विकिपीडियावरचा एक खेळ प्रसिद्ध आहे : कुठल्याही लेखातला पहिला दुवा धरायचा, पुढच्या लेखातला पहिला धरायचा, असं करत गेलं की बहुतेक वेळा माणूस तत्त्वज्ञानाच्या पानावर पोहोचतो. मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे मिसळीवर सुरू झालेल्या गप्पाही रात्री बारानंतर तिथंच जातात.

पण कष्ट संपले आणि एक नवी जमात जन्माला आली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवरच्या कुठल्याही ग्रुपवर ती भेटते. कुणी तरी विचारतं, ‘दादा, राज्यपालांचा अध्यादेश कुठल्या कलमात येतो?’ पाचव्या सेकंदाला उत्तर येतं, ‘भावा, यात आहे,’ आणि खाली अख्ख्या राज्यघटनेची पीडीएफ. उत्तर बिनचूक आहे. त्यात ते आहेच. शिवाय नागरिकत्व आहे, वित्त आयोग आहे, आणीबाणी आहे. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं; त्यानं स्वतः ती उघडलेली नसते, इतकंच. पाठवायला वाचावं लागत नाही.

मग तासाभरानं एखादी ताई लिहिते : ‘कलम २१३. त्याचं पहिलंच उपकलम वाच. आपल्याकडे दोन सभागृहं आहेत, म्हणून दोन्हींचं अधिवेशन चालू असताना अध्यादेश निघत नाही. आणि शेजारी १२३ उघडून ठेव, राष्ट्रपतींचं तसंच आहे. दोन्ही मिळून वीस मिनिटं लागतील.’ कुठं जायचं, तिथं काय बघायचं, परतायला किती वेळ लागेल, सगळं आलं. तिला एवढं सांगता येतं, कारण ती तिथं जाऊन आली आहे. वाईचे संपादक, पाणिनी, दिदरो हे सगळे तिच्याच जातकुळीचे. दिदरो थोडा वाह्यात, इतकंच.

त्या मुलानं वीस मिनिटांत दोन्ही कलमं वाचली असतील, असं मात्र समजू नका. १२३ वरून तो राष्ट्रपतींच्या निवडणुकीत शिरला, तिथून मतांच्या मूल्याच्या गणितात अडकला आणि जेवायचं विसरला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणी तरी राष्ट्रपतींच्या निवडणुकीबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर त्यानं दिलं : ‘कलम ५४ आणि ५५. गणित ५५ मध्ये आहे, कागद-पेन घेऊन बस.’ पीडीएफवाल्या भावानं त्यावर लगेच अंगठा उमटवला.