आठवणींचा एफएसआय

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. सरकारदरबारी तशी नोंद आहे, त्यात वाद नाही. पण आमच्यापैकी कुणालाही चाळीबद्दल बोलतं करा, अर्ध्या तासात त्या खोलीत साखरपुड्याची पंगत उठते, गावाकडची डझनभर माणसं मुक्कामाला येतात, दोन पोरं दहावीचा अभ्यास करतात, आणि कोपऱ्यात शिवणयंत्र चालूच असतं. आठवणींना एफएसआयचं बंधन नसतं. चाळ पाडल्यापासून तर हे बांधकाम फारच वाढलं आहे.

चाळी बांधल्या इंग्रजांनी, १९२०च्या दशकात, जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना सुरू केलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटमार्फत. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. बेत ५०,००० खोल्यांचा होता, साडेसोळा हजारांच्या आसपास गाडी अडली. बरं, बांधल्या त्यातल्याही पुष्कळशा आधी ओस पडल्या. गिरणीपासून लांब, आत अंधार, भिंती सिमेंटच्या. कामगार राहायला यायलाच तयार होईना. मग सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. जिथे माणसं डांबून ठेवायला शिपाई लागत होते, तिथे पुढे आमच्या आजोबांनी वशिला लावून खोली मिळवली आणि मिळाली म्हणून गावाला पेढे पाठवले. मुंबईत जागेची किंमत कशी वाढत गेली यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला हे पेढे पुरेसे वाटतात.

तळमजला अधिक तीन, मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. पॅसेजच्या पोटात भर दुपारीही अंधार असायचा. त्यामुळे माणसं चेहऱ्यावरून ओळखण्याआधी चपलांवरून ओळखली जायची. फटक-फटक म्हणजे कोपऱ्यातले मामा, फरफटत म्हणजे उसने मागायला निघालेली मामी. मामी कुणाकडे थांबते ते वीसही खोल्यांना कळायचं, आणि ती निघाली की साखर उसनी होती की पैसे, तेही.

रात्री नऊ-साडेनऊला खोलीची वाटणी सुरू व्हायची. खाट आजीची, त्याला अपील नाही. खाटेखाली मी आणि धाकटा भाऊ. कमरेपर्यंत आत, पाय बाहेर. माळ्यावर काका, ते पाण्याला खाली उतरायचे तेव्हा कुणाच्या तरी अंगावर पाय पडणार हे ठरलेलं, म्हणून ते आधी ‘सांभाळा’ म्हणायचे आणि मगच पाय टाकायचे. मोरीच्या कठड्याला डोकं करून आई. साताऱ्याकडून पाव्हणे आले की पुरुषमंडळी वळकट्या घेऊन पॅसेजमध्ये. पाव्हणा निघताना दोन दिवस राहा म्हणून आग्रह व्हायचा आणि तो खरा असायचा. पाव्हणा राहायचाही. हा आग्रहातला धोका मला फार उशिरा कळला.

वडील गिरणीत साच्यावर होते. तिसरी पाळी असली की ते रात्री बाराला कामावर आणि सकाळी सातनंतर घरी. म्हणजे आम्ही जागे व्हायच्या सुमारास ते झोपायचे. मजल्यावर प्रत्येक आठवड्याला असे चार-पाच तरी झोपलेले बाप असत. पावसाळ्यात तर आमचं क्रिकेट पॅसेजमध्ये चाले, आणि ते मुकं क्रिकेट होतं. चेंडू मोज्यांचा, स्टंप म्हणजे भिंतीवरची खडूची रेघ. अपील करायचं तर दोन्ही हात वर आणि डोळे मोठे. आऊट द्यायचं तर बोट. भांडणसुद्धा खुणांनी, एकमेकांची गचांडी धरून, ओठ घट्ट मिटून आम्ही लोळत असू. एखादा बाप बनियनवर दारात उभा राहिला की सामना अनिर्णित.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचं नाव पोरांच्याही तोंडी होतं, अडीच लाख कामगार बाहेर होते, आणि आम्हाला कळलेली बातमी एवढीच की आता दुपारी कुणी झोपत नाही. सगळे बाप दिवसभर जागे. पहिले काही दिवस आम्ही पॅसेजमध्ये मनसोक्त ओरडून घेतलं, कुणी हटकलं नाही. मग आपोआपच आवाज खाली आला. वडील पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून बसायचे. बसून पेपर वाचायचे, पेपर संपला की जाहिराती. आईने डबे सुरू केले. १६० चौरस फुटांत आता दोन स्टोव्ह, भाकरीची परात आणि दारापाशी ॲल्युमिनियमच्या डब्यांची चळत आली. आमची खाटेखालची जागा कांद्या-बटाट्यांना गेली. त्या काळाबद्दल आमच्यातले लोक फार बोलत नाहीत. बोलले तर एकदम गणपतीवर येतात, जांबोरी मैदानावरच्या दहीहंडीवर येतात, आणि तिथे हंडी दरवर्षी एकेक थर उंच होत जाते.

एक मात्र माझ्या लक्षात आलं आहे. चाळीच्या आठवणीने गळा दाटून येतो तो बहुतेक बाप्यांचा. इमारत पाडायला घेतली तेव्हा आम्ही जुने पोरगे, आता पोटं सुटलेले, पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून मोबाइलवर चित्रीकरण करत होतो. एकाने डोळे पुसले. काय ती माणसं, काय तो जिव्हाळा, असं सुरू झालं. आई मागे उभी होती. म्हणाली, ‘‘रडाया काय जातंय तुमचं? हंडं काय तुम्ही भरत होता?’’

मग तिने तिची चाळ सांगितली. तिच्या चाळीत पहाटे चारचं पाणी होतं, आणि ते तिसऱ्या मजल्यावर चढत नाही म्हणून खालून वर आणायचे हंडे होते. संडासाची रांग होती, तिच्यात टमरेल ठेवून नंबर लावायचा, तर कुणीतरी टमरेल मागे सरकवायचं. कोण सरकवायचं ते तिला पक्कं माहीत होतं आणि ती बाई तिथेच, माझ्या शेजारी पदराने डोळे टिपत उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वीचा तो गुन्हा तिथल्या तिथे, नळाची हकीकत अर्धी राहिलेली असतानाच, चहावर मिटला.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात आमचीही एक. घर ५०० चौरस फुटांचं. आईने हॉल पाहिला नाही, खिडकीतून दिसणारी मुंबई पाहिली नाही. संडासात गेली, आतून कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही दार वाजवलं तर आतून म्हणाली, ‘‘का? कुणाचा नंबर हाय का?’’

नवीन इमारतीत माणूस माणसाला भेटत नाही, असं आमच्यातले जिव्हाळावाले म्हणतात. माझी आई त्यांना भेटलेली नसावी. तिने आठवडाभरात हेरलं की लिफ्टचं दार उघडं ठेवायचं एक बटण असतं. आता विसाव्या मजल्यावर एक बाई आत अंगठा दाबून उभी, दुसरी बाहेर भाजीची पिशवी घेऊन उभी, आणि एका सुनेचं प्रकरण मुळापासून चाललेलं असतं. तळमजल्यावर दहा-बारा माणसं आणि एक गॅसचा सिलिंडर ताटकळत असतो. खालून कुणी ‘लिफ्ट सोडा’ म्हणून कितीही बोंबललं, तरी वर काही ऐकू येत नाही. चाळीत आलं असतं. बांधकामात तेवढी प्रगती झाली आहे.