धम्मकलाडू, चापटपोळी आणि तोर्ता

स्पॅनिशमध्ये ‘तोर्ता’ नावाचा एक शब्द आहे. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ अगदी सालस दिलेला असतो: पिठाची गोल, चपटी, भाजलेली खाण्याची वस्तू. शिकणारा बापडा तेवढंच वहीत उतरवतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. पण ही भाषा वीसेक देशांची आहे. शब्दकोश माद्रिदला तयार झाला, तरी भूक ज्याला त्याला आपापल्या गावीच लागते.

मेक्सिकोत तोर्ता मागितली तर पुढ्यात येतो भरलेला पाव. ग्वादालाहारा शहरात तर ‘तोर्ता आओगादा’ मिळते, म्हणजे चक्क बुडवून मारलेली तोर्ता. तिथला पाव मुळातच कडक सालीचा, त्यामुळे रश्श्यात पडला तरी त्याचा लगदा होत नाही. आत डुकराचं मांस, वरून टोमॅटोचा रस आणि सुक्या लाल मिरचीचा जाळ. अर्धी बुडवायची की पूर्ण, हे गिऱ्हाइकानं सांगायचं. कोल्हापूरकरानं पूर्ण सांगावं, बाकीच्यांनी जरा दमानं घ्यावं.

मेक्सिको सिटीची तऱ्हा आणखी निराळी. कणसाच्या सालात वाफवलेला मक्याच्या पिठाचा तामाल पावात भरतात आणि सकाळी सकाळी हाणतात, सोबत ‘आतोले’ हे मक्याचंच गरम पेय. पिठात पीठ, त्यावर पीठ! या तोर्तेला लाडानं ‘ग्वाहोलोता’ म्हणतात. हे टर्की नावाच्या पक्ष्याच्या मादीचं नाव, आणि टर्कीचा आत मागमूस नसतो. मूल जन्मलं की तिथले लोक म्हणतात, बाळ काखेत तोर्ता घेऊनच आलंय, म्हणजे स्वतःच्या पोटापाण्याची सोय करूनच आलंय.

दक्षिणेला अर्जेंटिनात हाच शब्द वाढदिवसाच्या केकला लागतो. तिथंच पाऊस लागला की घरोघरी ‘तोर्ता फ्रिता’ तळल्या जातात. त्या मात्र कणकेच्या, साध्यासुध्या. स्पेनमध्ये केक म्हणजे ‘तार्ता’, आणि अर्जेंटिनातली ‘तार्ता’ बहुतेक वेळा तिखटामिठाची, भाज्या भरलेली. एका स्वरानं मेणबत्त्या लावायच्या की पालक भरायचा ते ठरतं. ‘तोर्ता देल कासार’ हे तर मेंढीच्या दुधाचं चीज. त्याची वरची चकती झाकणासारखी कापायची आणि आतल्या मऊ ऐवजात पाव बुडवायचा. कोस्टारिकात कुणी तोर्ता ‘ओढली’ तर त्यानं मोठा घोळ घातला असं समजायचं.

स्पॅनिश सैनिक सोळाव्या शतकात मेक्सिकोत उतरले, तेव्हा तिथली मक्याची भाकरी पाहून त्यांनी तिला ‘तोर्तिया’ म्हणजे छोटी तोर्ता म्हटलं. त्या भाकरीला ‘त्लाश्काली’ हे तिचं स्वतःचं नाव होतं, पण विचारतो कोण? स्पेनमधली तोर्तिया मात्र अंड्यांची, आणि पुढे त्यात बटाटाही शिरला. तो बटाटाही अमेरिकेतूनच आलेला. त्या तोर्तियात कांदा घालावा की नाही, यावरून स्पेनमध्ये आजही दोन तट आहेत. (कांदा घालावा, असं माझं मत.)

आणि मग येतो तो अर्थ, जो सगळ्यांच्या आधी शिकायला हवा. स्पेनमध्ये तोर्ता म्हणजे थोबाडीत. उघड्या पंजाची, खणखणीत. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा इथं बुचकळ्यात पडतो, की केक आणि कानफटात यांचा संबंध काय? मराठी माणसाला हा प्रश्न पडू नये. आपल्याकडे पोरांना धम्मकलाडू आणि चापटपोळी वाढायची रीत जुनी आहे. सोलापूर-मराठवाड्याकडचे धपाटे दह्याबरोबर खातात आणि धपाटा पाठीत खातात. दोन्हींना लागतो तो तळहातच. स्पॅनिश लोकांनी तर अख्खी फडताळं मारामारीला जुंपली आहेत. ‘गालेता’ म्हणजे बिस्किट, म्हणजेच थप्पडही. ‘कास्तान्या’ हे भाजून खायचं फळ, पण ते तडाखा म्हणूनही बसतं. ‘लेचे’ म्हणजे दूध, आणि तेही वेळप्रसंगी थोबाडावर येतं.

तेव्हा स्पेनमध्ये कुणी ‘तुला एक तोर्ता देतो’ म्हणालं, तर हात पुढे करण्याआधी त्याच्या हातात बशी आहे का, ते पाहून घ्या.