खोलीचा नाद

जालन्याच्या मोंढ्यात शेतकरी बियाण्याची पिशवी जितक्या वेळा उलटीपालटी करून बघतो, त्याच्या दसपट वेळा आमचे डोळ्यांचे डॉक्टरसाहेब कॅमेऱ्यांची माहितीपत्रकं बघतात. शेतकरी निदान पिशवी घेऊन तरी जातो.

साहेबांना हवी आहे खोली. डोळ्याच्या पडद्यावर जेमतेम दीड मिलिमीटरची डिस्क असते, तिथून दहा-बारा लाख तंतू मेंदूकडे निघतात. काचबिंदूत हे तंतू मरत जातात, तसा डिस्कमधला खळगा, म्हणजे कप, पसरतो नि खोल जातो. एका फोटोत पसारा कळतो. खोलीसाठी दोन कोनांतून दोन फोटो लागतात.

‘निडेक ३-डीएक्स’ हा कॅमेरा दोन्ही एकदम घेतो, दोन फोटोंमधलं अंतर कायम. म्हणजे यंदाची खोली पुढच्या वर्षीशी ताडता येते. ‘‘पण किंमत!’’ हेही साहेबच म्हणतात. ‘कॅनन सीआर-२’मध्ये दुसरा फोटो जॉयस्टिक सरकवून घ्यायचा. जरा जास्त सरकली की उथळ कपही खोल दिसतो, आणि तेवढ्यात भोकरदनच्या आजींनी नजर हलवली तर जोडीच वाया. यावर आयोवाच्या ली ॲलन यांनी १९६४ मध्ये काय तोडगा काढला, हे ऐकवल्याशिवाय साहेब चहा पाजत नाहीत.

पडद्याचे थर मोजणारं ओसीटी यंत्र आलं तेव्हा वाटलं, सुटला नाद. छे! ‘‘ओसीटी आकडे देतं. डिस्कच्या काठावरचा रक्ताचा बारीक ठिपका फोटोतच दिसतो.’’ हे खरं आहे, हीच तर पंचाईत.

घरी मोसंबी आणली की देठाकडच्या खळग्याचे मोबाईलवर दोन फोटो निघतात, मगच ती सोलायला मिळते. जोडी बघायला साहेबांना चष्मा लागत नाही; डोळे तिरळे केले की झालं. एकदा घनसावंगीचे एक आजोबा हे बघून हळूच म्हणाले, ‘‘डाक्टरसाहेब, डोळे माझे तपासायचेत का तुमचे?’’

दवाखान्यात कॅमेरा आहे तो जुनाच, साधा. हाताखालचा पोरगा बाहुलीच्या डावीकडून एक, उजवीकडून एक असे फोटो काढतो आणि त्यावरून साहेब काचबिंदू बरोबर हेरतात.

कॅमेरा कोणता घ्यावा हे त्यांना विचारू नका, दुपार जाईल. चाळिशी उलटली असेल आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, तर डोळे मात्र त्यांनाच दाखवा.