मे महिन्यातला हीटर

ज्याला कूलर दुरुस्त करता येत नाही, त्याला नागपुरात कोणी कर्ता पुरुष मानत नाही. एप्रिल लागला की कूलर बाहेर निघतो, जुना वाळा फेकून नवा भरतात आणि पंप गुणगुणत असूनही पाणी वर का चढत नाही, यावर घरोघरी परिसंवाद झडतात. या विद्येत माझा हातखंडा. त्यामुळे ऐन नवतपात गाडीचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला, तेव्हा मिस्त्रीकडे जाणं मला कमीपणाचं वाटलं. पंप, पंखा, जाळी, पाणी. सामान तर तेच. वाळा तेवढा नाही.

गाडी पळताना ठीक असे, अजनी चौकात उभी राहिली की काटा चढे. पहिला संशय मी सेन्सरवर घेतला. याला नागपुरी कारण आहे. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि आमचं गाव देशभर गाजलं. मग हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. २३ मे २०१३चे ४७.९ अंश तेवढे आमच्या पदरात राहिले. तेव्हापासून आकडा फार मोठा दिसला की मी आधी सेन्सरकडे पाहतो. गाडीचा सेन्सर बदलला. नव्यानेही तेच सांगितलं, फक्त जरा ठासून.

मग बॉनेट उघडलं. रेडिएटरमागचा पंखा ढिम्म. पळत्या गाडीत समोरचा वारा आपोआप शिरतो, उभ्या गाडीची सगळी भिस्त या पंख्यावर, हे ज्ञान तिथेच प्राप्त झालं. उंदराने त्याच्या दोन्ही वायरी कुरतडल्या होत्या. हे तर हातचं काम! धुळीने दोन्ही वायरींचा रंग एकच झालेला. सोलल्या, पिळल्या, टेप गुंडाळली. एसी लावताच पंखा भर्रकन फिरला. पुढच्या जाळीशी हात नेला तर चटका बसेल अशी झळ. इंजिनाची गरमी बाहेर पडत होती! ही अनुभूती मी बायकोलाही बोलावून दिली. "झळ खायला खाली बोलावलंत?" एवढं बोलून ती वर गेली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या मावशीला सेवाग्राम दाखवायला निघालो. खापरीच्या आसपास काटा चढू लागला, तोही पळत्या गाडीत. घाबरलो नाही, कारण माझं वाचन दांडगं. गाडीचा हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. त्यातून तेच तापलेलं कूलंट फिरतं, म्हणून हीटर पूर्ण सोडला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते. एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली.

"नागपूरकर काटक असतात हे ऐकलं होतं," मावशी पदराने वारा घेत म्हणाली, "पण हे जरा अतीच होतंय."

शेवटी बाभळीखाली थांबलो. सल्लागार जमले. एका आजोबांनी खिशातला कांदा काढून बॉनेटमध्ये ठेवायला सांगितलं. एक जण रेडिएटरचं झाकण फिरवायला धावला, त्याला मात्र मी धरून ठेवलं. झाकणामुळे आत दाब असतो, म्हणून कूलंट शंभर अंशांपुढेही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. माझ्या वाचनाचा तेवढाच काय तो उपयोग.

तेवढ्यात जवळच्या टपरीवरचा मिस्त्री आला.

"उभी असली की तापते, का पळताना?"

"आधी उभी असताना. आता दोन्ही वेळा."

"मधात कोनं हात लावला?"

मी बाभळीची उंची न्याहाळू लागलो. त्याने वर्तमानपत्राचा अर्धा कागद फाडला, एसी लावायला सांगितला आणि कागद जाळीसमोर धरला. तो चिकटायला हवा होता. तो उडाला आणि मावशीच्या मांडीवर जाऊन पडला.

"पंखा उलटा फिरून राहिला ना भाऊ! हवा आत वढाले पायजे, हा बाहेर फेकून राहिला. काहून, अख्खं नागपूर थंड कराले घेतलं का?"

त्याने दोन वायरींची अदलाबदल केली. कागद जाळीला घट्ट चिकटला. वर तंबी मिळाली, की बुटीबोरीपर्यंत तरी एसी लावू नका. काटा मधोमध येऊन बसला आणि आम्ही गप्पा मारत निघालो. हीटर चालूच आहे हे बुटीबोरी येईपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. मावशीला ती नागपूरची हवा वाटली होती.