वायुमूल्यविचार

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'मुक्त वस्तू' ही संज्ञा समजावून सांगताना अनेक पिढ्या हवेचेच उदाहरण देण्यात आले आहे. जी वस्तू निसर्गात हवी तेवढी सापडते आणि जी मिळवण्यासाठी दुसऱ्या कशावरही पाणी सोडावे लागत नाही ती मुक्त वस्तू, अशी ही व्याख्या असून परीक्षेत तिच्यावर हमखास दोन गुण मिळत आले आहेत. मात्र ही पुस्तके लिहिणारे विद्वान स्वतः मोटार चालवत नसावेत, किंवा चालवत असल्यास टायरांत हवा भरून आणण्याचे काम त्यांनी घरातील दुसऱ्या कोणावर तरी सोपवले असावे. कारण पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातील कॉम्प्रेसर या सिद्धांताला कित्येक वर्षे घरघरत आव्हान देत उभा आहे. हवेला किंमत कशी येते, ती कोण देतो, आणि जेथे ती द्यावीच लागत नाही तेथे लोक हवेशी कसे वागतात, हे तीन प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतात.

भारतीय शास्त्रकारांनी वायूचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त वायूचे लक्षण सांगताना त्याला रूप नाही पण स्पर्श आहे, असे म्हटले आहे. हे लक्षण निर्दोष असले तरी हा स्पर्श खिशालाही होतो किंवा कसे, याविषयी ग्रंथकार मौन बाळगतो. आधुनिक पदार्थविज्ञानाने या लक्षणाला वजनाची जोड दिली. समुद्रसपाटीला एक लिटर हवेचे वजन सुमारे सव्वा ग्रॅम भरते, आणि तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन व उरलेल्या एका टक्क्यात प्रामुख्याने आर्गॉन असतो. या आकड्यांपैकी ७८ हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्यावर बरेच पैसे खर्च व्हायचे आहेत.

टायरातील हवेचा दाब आपल्याकडे 'पीएसआय' या एककात मोजतात. एक चौरस इंच जागेवर किती पौंड भार पडतो, हे या एककाने कळते. वातावरणाचा दाब स्वतःच सुमारे १४.७ पीएसआय असतो, परंतु पंपावरील मापक तो हिशेबात न धरता केवळ त्यावरचा दाब दाखवतो. त्यामुळे पूर्ण बसलेल्या टायरावर मापक शून्य दाखवत असला, तरी आत वातावरणाइतकी हवा असतेच. फक्त तिच्यावर काही उभे राहू शकत नाही. अनेक संस्थांच्या सल्लागार मंडळांची स्थिती याहून फारशी वेगळी नसते.

आता दराचा प्रश्न. लहान मोटारीच्या टायरात साधारण ३० लिटर जागा असते असे धरले आणि दाब ५ पीएसआयने कमी झाला असेल, तर तो भरून काढण्यास बाहेरची सुमारे १० लिटर हवा, म्हणजे वजनाने जेमतेम १२ ग्रॅम हवा लागते. स्वस्थ बसलेला मनुष्य एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो, हे लक्षात घेतल्यास हा ऐवज वीस श्वासांचा होतो, आणि तो गाडीमालक रांगेत उभ्या उभ्या दीड-दोन मिनिटांत नाकावाटे फुकट आत घेऊन फुकटच बाहेर सोडत असतो. या १२ ग्रॅमसाठी एका टायरामागे दहा रुपये मोजले, तर दर किलोला आठशे रुपयांच्या वर जातो आणि हवा थेट काजूच्या पंगतीत जाऊन बसते. अर्थात हा हिशेब अन्यायकारक आहे, कारण ग्राहक दहा रुपये हवेचे देत नसून हवा दाबण्याचे देत असतो. हवा सर्वत्र आहे, परंतु ती आपण होऊन दाबली जात नाही; त्यासाठी यंत्र, वीज, रबरी नळी आणि वाकायला तयार असलेली कंबर या चार गोष्टी लागतात. यांपैकी चौथ्या गोष्टीची किंमत मोटार घेण्याच्या वयात विशेष जाणवते.

हवेने भरलेल्या टायराचा इतिहासही मूल्याच्या दृष्टीने बोधप्रद आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली अशा टायराचे पेटंट घेतले, परंतु त्या वेळी सायकली रूढ झालेल्या नव्हत्या आणि मोटारी तर अस्तित्वातच नव्हत्या. पुढे मूळचा स्कॉटिश, पण बेलफास्ट येथे जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करणारा जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधून काढली आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवले. थॉमसनने हे आधीच करून ठेवले असल्याचे उघडकीस आल्यावर ते पेटंट टिकले नाही, नाव मात्र टिकले. टायरातील हवेतून पहिल्यांदा निसटली ती थॉमसनची कीर्ती होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

ज्या राष्ट्राने जगाला हवेचा टायर दिला, त्याच ब्रिटनमध्ये आज अनेक पेट्रोल पंपांवर हवेसाठी पैसे मोजावे लागतात. यंत्रात नाणी टाकावीत किंवा त्याच्यावर बँकेचे कार्ड टेकवावे, की ठरावीक मिनिटांपुरता कॉम्प्रेसर सुरू होतो. येथे विकली जाणारी वस्तू हवा नसून वेळ आहे, हे सूक्ष्म तत्त्व नवख्या ग्राहकास उशिरा कळते. तोपर्यंत तो पहिल्या चाकाच्या व्हॉल्व्हची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पण बाहेर न सोडणाऱ्या झडपेची, गंजलेली टोपी फिरवत बसलेला असतो आणि यंत्र उलटी गणती करीत असते. अनुभवी ग्राहक चारही टोप्या आधी काढून खिशात घालतो, यंत्र सुरू करतो, नळी ओढत मोटारीभोवती धावती प्रदक्षिणा घालतो आणि टोप्या खिशातच ठेवून घरी जातो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या बाबतीत या प्रसंगाला आणखी एक पदर असतो, कारण प्रत्येक पौंडाला मनातल्या मनात शंभराने गुणण्याची सवय सुटलेली नसल्यामुळे त्याला टायर फुगताना दिसत असतो आणि जीव मात्र दबताना जाणवत असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या बाबतीत कायद्याचा आधार घेतला असून १ जानेवारी २००० पासून तेथे इंधन घेणाऱ्या ग्राहकास हवा, पाणी आणि दाबमापक विनामूल्य उपलब्ध करून देणे पंपांना बंधनकारक आहे.

भारताने हा प्रश्न कागदोपत्री सोडवून टाकलेला आहे. सरकारी तेल कंपन्यांनी पंपचालकांसाठी जी विक्रीशिस्तीची नियमावली केली आहे, तिच्यानुसार पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची पेटी आणि तक्रारवही यांच्याप्रमाणेच टायरांत हवा भरण्याची सोयही ग्राहकास विनामूल्य मिळाली पाहिजे. ब्रिटिश नागरिकाला हेवा वाटावा अशी ही तरतूद महाराष्ट्रातील प्रत्येक गाडीमालकाच्या पदरात आहे, आणि त्याने ती बहुधा तेथेच पडू दिली आहे. 'फुकट ते पौष्टिक' असे मानणाऱ्या समाजात या एका फुकट वस्तूकडे एवढे दुर्लक्ष का व्हावे, हे खरे कोडे आहे.

मोफत हवेचे ठिकाण पंपाच्या आवारात बहुधा अशा कोपऱ्यात असते, की तेथे गाडी नेल्यास ती बाहेर काढताना ट्रकला मागे घ्यावे लागते. कॉम्प्रेसर चालू असेल तर हवेवाला जेवायला गेलेला असतो, आणि तो जागेवर असेल तर लाइट गेलेली असते. तिन्हींचा योग जुळून आला, तर "किती मारू, साहेब?" असा प्रश्न येतो, आणि येथे भारतीय गाडीमालकाच्या ज्ञानाची कसोटी लागते. बहुतेक मोटारींच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर पुढच्या व मागच्या चाकांचा योग्य दाब छापलेली पट्टी चिकटवलेली असते. परंतु गाडी घेतल्यापासून हार, नारळ आणि लिंबू-मिरची यांकडेच लक्ष राहिल्याने ती कोणी वाचलेली नसते. म्हणून मालक अत्यंत आत्मविश्वासाने "तीस-तीस मारा" असे सांगतो. हा आकडा त्याने वडिलांकडून ऐकलेला असतो आणि वडिलांची गाडी दुसरीच असते. ज्याला एवढाही वारसा लाभलेला नाही तो "बघा, किती लागते ते" असे म्हणून निर्णयाचा भार हवेवाल्यावर टाकतो, व हवेवाला मागच्या गाडीत जेवढी भरली तेवढीच याही गाडीत भरून समतेचे तत्त्व पाळतो.

दाब थंड टायरांत पाहावा, हा नियमही असाच उपेक्षित आहे. हवा तापली की तिचा दाब वाढतो. मोटारीच्या टायरात तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढल्यास दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. नागपुरात डिसेंबरातील पहाटे पारा दहा अंशांवर असताना ३० असलेला दाब मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, गाडी जागची न हलवताही, पस्तिशीला पोहोचू शकतो. हे ध्यानात न घेता द्रुतगती मार्गावरून तापून आलेल्या गाडीचा दाब जास्त दिसतो म्हणून जो हवा काढायला लावतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ टायरांवर कार्यालयात जातो. असा कमी हवेवर धावणारा टायर जमिनीला जास्त चिकटतो, कडांनी झिजतो, अधिक तापतो आणि इंधनही खातो. चारही टायरांचा सरासरी दाब एका पीएसआयने घटल्यास इंधनाची कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्के कमी होते, असा अमेरिकी ऊर्जा खात्याचा हिशेब आहे. पेट्रोल वीस पैशांनी वाढले की चौकात चर्चा करणारा नागरिक हे नुकसान मात्र मूकपणे सोसतो.

या उदासीनतेवर बाजारपेठेने शोधलेला उपाय म्हणजे नायट्रोजन होय. ज्या पंपावर साधी हवा फुकट आहे, त्याच पंपावर शेजारच्या चकचकीत यंत्रातून नायट्रोजन विकत मिळतो, आणि फुकटच्या रांगेत उभे राहण्यास लाजणारा ग्राहक विकतच्या रांगेत ताठ मानेने उभा राहतो. या वायूच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. विमानांच्या टायरांत तो भरतात हे खरे आहे, कारण तेथे बाष्प गोठण्याचा आणि तापलेल्या टायरात ऑक्सिजनमुळे पेट घेण्याचा धोका असतो. मोटारीच्या बाबतीतही तो थोडा हळू झिरपतो. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांसाठीच्या नियतकालिकाने ३१ प्रकारचे टायर वर्षभर उघड्यावर ठेवून पाहिले, तेव्हा ३० पीएसआयपासून सुरुवात करून साध्या हवेचा दाब सरासरी ३.५ ने, तर नायट्रोजनचा २.२ ने घटलेला आढळला. वर्षभरात पडलेला हा १.३ पीएसआयचा फरक महिन्यातून एकदा फुकट हवा भरून घेणाऱ्यास कधीही जाणवणार नाही.

शिवाय जो टायर नायट्रोजनसाठी 'रिकामा' केला जातो तो रिकामा होतच नाही. वर म्हटल्याप्रमाणे मापक शून्यावर आला तरी एका वातावरणाइतकी जुनी हवा आत तशीच राहते, आणि नंतर ३० पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरला तरी टायरातील एकूण वायूचा जवळजवळ एक तृतीयांश भाग ही जुनी हवाच असते. तिच्यातही ७८ टक्के नायट्रोजन आधीपासून होताच, म्हणजे ग्राहक जो वायू विकत घेतो त्याचा मोठा साठा त्याच्या टायरात पूर्वीपासून फुकट होता. तरीही व्हॉल्व्हवर हिरवी टोपी चढली, की गाडी अधिक हलकी चालते, गारवा वाटतो आणि इंधनाची सरासरी वाढते, असे अनुभव सांगितले जातात. हे अनुभव सर्वस्वी खोटे नाहीत. पैसे दिले म्हणून दाब योग्य तेवढा भरून घेतला जातो, आणि योग्य दाबाची गाडी चांगली चालतेच. हे श्रेय वायूचे नसून लक्ष देण्याचे आहे, आणि मनुष्य ज्याचे पैसे मोजतो त्याच्याकडेच लक्ष देतो, हा वायुमूल्यविचाराचा मुख्य सिद्धांत होय.

या सिद्धांताचा सर्वांत करुण पुरावा डिकीत सापडतो. स्टेपनी, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेले पाचवे चाक, गाडीतील बॅगा, छत्र्या आणि भेळेच्या रिकाम्या पिशव्या यांच्याखाली वर्षानुवर्षे पडून असते, आणि तिच्यातील हवा मंद गतीने बाहेर पडत राहते. घाटात रात्री चाक बसते तेव्हा आशेने बाहेर काढलेली स्टेपनी आधीपासूनच बसलेली असते. मग झाडाला टायर टांगलेले पंक्चरवाल्याचे दुकान शोधावे लागते, आणि तेथे हवेचा जो भाव सांगितला जातो त्यावर घासाघीस करण्याची कोणाची छाती होत नाही. काळोख, पाऊस आणि मागच्या आसनावरील कुटुंबीयांची शांतता यांमुळे हवेची किंमत किती वाढू शकते, याचे सूत्र अर्थशास्त्राला अजून मांडता आलेले नाही.

हवा स्वतः फुकटच आहे. किंमत पडते ती तिला दाबण्याची, मोजण्याची आणि विसरण्याची, आणि यांत विसरण्याची सर्वांत महाग पडते. पंपावर वाकून चार चाकांत हवा भरणाऱ्यास दहा रुपये खुशीने द्यावेत, ते हवेचे नसून वाकण्याचे आहेत. मात्र त्यापूर्वी दाराच्या चौकटीवरील आकडा वाचावा, महिन्यातून एकदा, गाडी फार न चालवता, जवळच्याच पंपावर जावे, मोफत हवा हक्काने मागावी आणि डिकी उघडून पाचव्या चाकातही भरून घ्यावी.