दात खाली, हात मोकळा

बुलढाणा जिल्ह्यात शिलाई मशीन मिळायला फार काही लागत नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस जवळ आला पाहिजे, एवढंच. मांडव पडतो. मशीनला हार, बाईला शाल आणि पुढाऱ्याला दोन्ही. फोटोत मशीनचं चाक दिसत नाही, कारण त्यावर साहेबांचा हात असतो. जिला मशीन मिळालं ती बाई फोटोच्या कडेला, अर्धी कापलेली.

यंत्र म्हटलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला सूट दिली होती. बायकोचे कष्ट बघवले नाहीत म्हणून सिंगरने ते घडवलं, असं ते मानत. त्यांना मशीनमागे प्रेम दिसलं. आपल्याला मतदारसंघ दिसतो.

सरकारही मागे नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकामही आहे. प्रशिक्षणाला दिवसाचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,०००. म्हणजे मशीनचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो मशीन घरी आल्यावर पुढे काय, या विचाराचा. सुरुवातीला पिको-फॉल, मग शेजारणीचे ब्लाउज. गल्लीत चौथं मशीन आलं की गिऱ्हाईक वाटलं जातं आणि मशीनवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग चढतो. मग आलेला पाहुणा बोअरचं पाणी आटलं का विचारावं तसं विचारतो, ‘‘मशीन चालू हाय का?’’

वास्तविक त्याच पायमशीनवर फुलं काढता येतात, पानं काढता येतात, मनात आलं तर लोणारचं सरोवरही काढता येतं. त्यासाठी लाखाचं कॉम्प्युटर मशीन लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगर कंपनीनेच साध्या घरगुती मशीनवरच्या भरतकामाची पुस्तकं काढली होती. कृती अशी: कापड दाबून धरणारा फूट काढून टाका. कापड पुढे ढकलणारे दात खाली पाडा. जुन्या मशीनमध्ये ती सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा. कापड रिंगमध्ये ताणून बसवा, पण हातभरतकामाच्या उलट: मोठी रिंग खाली, लहान वरून दाबलेली, म्हणजे कापड मशीनच्या पाट्याला टेकतं. फूट नसला तरी त्याची दांडी खाली पाडायचीच. ती वर राहिली की वरच्या दोऱ्याचा ताण जातो आणि कापडाखाली गुंत्याचं घरटं होतं. मग पाय एका लयीत आणि हात मोकळा. हात पळाला तर टाका लांबतो, हात रेंगाळला तर दोरा साचतो. रफूवाला हेच करतो. फक्त तो भोक बुजवतो, तुम्ही नक्षी काढता.

आता हे करायला बसलेल्या सुनेला घरातून पहिला प्रश्न येतो, ‘‘याचे कितीक भेटतात वं?’’ विचारणारा दोन तासांपासून मोबाइलवर रील बघत असतो. त्याला त्याचे किती भेटतात, हे कोणी विचारत नाही.

एकेकाळी या हाताला निदान रुखवतात जागा होती. पोपटांच्या जोडीचा टेबलक्लॉथ, उशीचे अभ्रे, खुद्द मशीनवर घालायचं भरलेलं कव्हर. आता रुखवत भाड्याने मिळतं. नवरीने न पाहिलेलं रुखवत वऱ्हाडी कौतुकाने पाहतात आणि संध्याकाळी ते टेम्पोत बसून दुसऱ्या लग्नाला जातं.

टाक्याचं झालं तेच कापडाचंही. आपल्याच जिल्ह्यातल्या खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी जलंबपासून खास रेल्वेचा फाटा टाकला. १८७० साली उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला. तेव्हापासून आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातोय. दुकानात परत येते ती सुरतची पॉलिस्टर साडी, वर कॉम्प्युटर मशीनचं ‘वर्क’. सूत आपलं नाही, टाकाही आपला नाही. आपलं फक्त बिल.

आणि शिकायला फार लांब जायचीही गरज नाही. मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवर एखाद्या म्हाताऱ्या बंजारा आजीची कांचळी, म्हणजे चोळी, जवळून बघा. आरशाभोवती टाक्यांचं घट्ट कडं, किनारीला कवड्या, मध्ये चौकटी-त्रिकोणांची रांग. छापा नाही, ट्रेसिंग नाही. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजाराच, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आपल्याकडे तांड्याचं मानांकन निवडणुकीपुरतं.

तेव्हा साहेबांना विनंती, पुढच्या वाढदिवसाला हारांचा खर्च थोडा कमी करा आणि प्रत्येक मशीनसोबत एक लाकडी रिंग, रंगीत रिळांचा डबा आणि शिकवणारी एक बाई द्या. आणि ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी साहेबांची वाट बघू नये. वरचे कपडे उचला, तेल घाला, जुन्या परकराचा तुकडा रिंगमध्ये ताणा. सुरुवात लहान करा: चष्म्याची पिशवी, बाळाचं टोपडं, देवघरातलं आसन. पहिलं फूल वाकडंच येईल. येऊ द्या, ते विकायचं नाहीये.